देवाचे पत्र : ख्रिस्ती परंपरेतील एका रूपकाचा इतिहास

बायबल हे देवाने माणसाला लिहिलेले प्रेमपत्र होय, हे विधान ख्रिस्ती प्रवचनांत आणि भक्तिपर पुस्तिकांत इतके रुळले आहे, की त्यामागे जवळजवळ दोन हजार वर्षांचा, बराचसा वादग्रस्त असा इतिहास आहे याची जाणीव ते उच्चारणाऱ्यांना सहसा नसते. वाङ्मयाच्या अभ्यासकांनीही या रूपकाकडे भाविक भाषेतील एक गोड अलंकार यापलीकडे फारसे पाहिलेले नाही. वस्तुतः त्यात एक अडचण दडलेली आहे. पत्र लिहिले जाते ते लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात अंतर असते म्हणून. जवळ बसलेल्याला कोणी पत्र लिहीत नाही. मग ज्या धर्माचा मूळ दावाच असा आहे की देव देह धारण करून माणसांत येऊन राहिला, त्या धर्माला देवाच्या प्रेमाचा अनुभव सांगण्यासाठी पत्राचे, म्हणजे अनुपस्थितीचे, रूपक का लागावे? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाच्या अनुरोधाने काही निवडक स्थळांचा विचार करावयाचा आहे. सर्व उल्लेखांची जंत्री देण्याचा हेतू नाही.

आरंभ अर्थातच नव्या करारापासून करावा लागतो. त्यातील २७ पुस्तकांपैकी २१ पुस्तके पत्ररूप आहेत, आणि जी ख्रिस्ती लिखाणे आज उपलब्ध आहेत त्यांतील सर्वांत जुनी म्हणजे इसवी सनाच्या पन्नाशीच्या दशकातील पौलाची पत्रे होत. शुभवर्तमाने त्यांच्या मागाहूनची. म्हणजे येशूचे चरित्र ग्रंथबद्ध होण्यापूर्वी ख्रिस्ती धर्म पत्रांतून लिहिला जात होता. धर्मग्रंथात सूक्ते, आज्ञा, कथा, संवाद असणे सर्वत्र आढळते. परंतु अमुक गावच्या मंडळीला, अमुक भांडणाच्या निमित्ताने, अमुक माणसाच्या हाती धाडलेला कागद पुढे धर्मग्रंथ व्हावा, हे जगाच्या धार्मिक वाङ्मयात विरळाच घडले आहे. अडोल्फ डाइसमान या जर्मन अभ्यासकाने १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात इजिप्तच्या वाळूत सापडलेली सामान्य माणसांची पपायरसवरील पत्रे पौलाच्या पत्रांशेजारी ठेवून दाखविली आणि पौल हा ग्रंथकार नसून पत्रलेखक आहे, असा आग्रह धरला. त्याने खरे पत्र आणि वाङ्मयीन पत्र यांत केलेला काटेकोर भेद पुढच्या अभ्यासकांनी बराच सैल केला. तथापि त्या तुलनेने एक गोष्ट कायमची ध्यानात आली. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी ते हाताने उतरवून घेणारा तर्तियस आपला स्वतःचा नमस्कार घालतो. त्याच अध्यायात पौल किंख्रियाच्या फिबी नामक सेविकेची शिफारस करतो, आणि हे पत्र रोमला तिनेच नेले असावे असे सामान्यतः मानले जाते. देवाच्या वचनाला येथे लेखनिक आहे, जासूद आहे, वाटखर्चही आहे.

याच व्यवहारातून रूपक जन्मले. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल एका अपमानाला उत्तर देत आहे. त्याच्या मागून करिंथात आलेल्या काही प्रचारकांनी आपल्याबरोबर शिफारसपत्रे आणली होती, पौलाजवळ तशी नव्हती. त्या काळी प्रवाशाची पत त्याच्याजवळच्या पत्रावर ठरे. परगावी उतरायला जागा, जेवण आणि विश्वास, सारे त्यावरच मिळे. यावर पौल असे म्हणतो की मला वेगळे पत्र कशाला हवे, तुम्हीच माझे पत्र आहात. आणि लगेच पुढच्या ओळीत तो ते पत्र ख्रिस्ताचे ठरवितो : शाईने नव्हे तर देवाच्या आत्म्याने, दगडी पाट्यांवर नव्हे तर माणसांच्या हृदयांवर लिहिलेले. दगडी पाट्यांचा संदर्भ सीनाय पर्वतावरील आज्ञांचा, आणि हृदयावरील लेखनाचा संदर्भ यिर्मया व यहेज्केल या संदेष्ट्यांचा. वादाच्या भरात आलेल्या या दोन-तीन वाक्यांत एक मोठी उलथापालथ आहे. येथे पत्र म्हणजे पुस्तक नव्हे. पत्र म्हणजे माणसे, आणि तीही करिंथची भांडखोर, गटबाजीत अडकलेली माणसे. ज्यांना पत्र लिहायचे त्यांच्यावरच ते लिहिले गेले आहे. पुढील शतकांत हे रूपक पुस्तकाकडे सरकले आणि पौलाची ही मूळ कल्पना बरीच मागे पडली. ती अधूनमधून डोके वर काढते, हे पुढे दिसेल.

रूपकाचा सर्वांत काव्यमय विस्तार ग्रीक वा लॅटिन परंपरेत नव्हे, तर सिरियाक भाषेत झाला आहे, आणि भारतीय अभ्यासकाने येथे थोडे थांबावे असे त्यात बरेच आहे. जे. रेंडेल हॅरिस यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘शलमोनाची स्तोत्रे’ या प्राचीन संग्रहातील तेविसाव्या स्तोत्रात देवाचा संकल्प पत्राच्या रूपाने वरून खाली येतो. धनुष्यातून जोराने सुटलेल्या बाणासारखे ते पत्र आहे. ते पकडावे म्हणून अनेक हात पुढे होतात, पण ते बोटांतून निसटते. त्यावरील मुद्रेचे लोकांना भय वाटते, ती फोडण्याचा अधिकार कोणालाच नसतो. शेवटी ते एका चाकापाशी येऊन ठेपते आणि देवाच्या बोटाने लिहिलेल्या एका विशाल लेखपटाचे रूप घेते. स्तोत्राचा अर्थ आजही निर्विवाद नाही. तथापि प्रेमपत्राच्या गुळगुळीत कल्पनेपासून हे किती दूर आहे, ते सहज ध्यानात येईल. हे पत्र आधी घाबरविते, आणि ज्याला ते हवे आहे त्याच्या हाती लागत नाही.

दुसरा नमुना अधिक प्रसिद्ध आहे. ‘थोमाची कृत्ये’ या तिसऱ्या शतकातील म्हणून मानल्या जाणाऱ्या ग्रंथात प्रेषित थोमा भारतात येतो. तेथील गुदनाफर राजाचे नाव नाणी व शिलालेख यांवरून ज्ञात असलेल्या गोंडोफरनीस या इंडो-पार्थियन राजाच्या नावाशी जुळते. पुढे भारतातल्याच एका तुरुंगात असताना थोमा एक गीत गातो. अभ्यासकांत ते ‘मोत्याचे गीत’ म्हणून ओळखले जाते. ग्रंथाच्या सर्व प्रतींत ते नाही. सिरियाकमध्ये ते इसवी सन ९३६ च्या एका हस्तलिखितात टिकले आहे आणि विल्यम राइट यांनी १८७१ साली ते छापून प्रसिद्ध केले. कथा अशी : पूर्वेकडील राजपुत्राला आईबाप इजिप्तला पाठवितात. तेथे एका सर्पाच्या पहाऱ्यात असलेले मोती त्याने आणायचे आहे. इजिप्तमध्ये तो तिथल्या लोकांचे अन्न खातो, आपण कोण हे विसरतो आणि गाढ झोपी जातो. मग आईबाप, राज्यातील सरदारांच्या सहीनिशी, त्याला पत्र लिहितात, राजा त्यावर आपली मुद्रा उमटवितो, आणि ते पत्र गरुडाचे रूप घेऊन उडते, त्याच्याजवळ उतरते आणि नुसता आवाज होऊन जाते. राजपुत्र जागा होतो, पत्राचे चुंबन घेतो, मुद्रा फोडतो, वाचतो. आणि त्याच्या लक्षात येते की जे पत्रात आहे तेच त्याच्या हृदयावर आधीपासून लिहिलेले होते. परतीच्या वाटेवर तेच पत्र रेशमी वस्त्रासारखे झळकत त्याच्यापुढे चालते.

हे गीत मुळात ख्रिस्ती आहे की नाही, याविषयी मतभेद आहेत. त्यात येशूचे नाव नाही. पार्थियन दरबाराची भाषा आहे, राजाज्ञा, मुद्रा, सरदारांच्या सह्या आहेत. मात्र ते ख्रिस्ती ग्रंथात थोमाच्या तोंडी घातले गेले, आणि सिरियाक ख्रिस्ती वाचकांनी ते आपले मानले, हे महत्त्वाचे. येथे देवाचे प्रेम हे आठवण करून देण्याचे काम करते. पत्रात नवी बातमी नाही, ओळख आहे. पौलाचे हृदयावरचे लेखन आणि हे हृदयावरचे लेखन यांत मात्र एक सूक्ष्म भेद आहे. पौलाच्या म्हणण्याप्रमाणे ते आत्म्याने नव्याने लिहिले, येथे ते आधीच होते. वेदान्ताच्या वातावरणात वाढलेल्या वाचकाला दुसरी कल्पना चटकन आपलीशी वाटते, आणि म्हणूनच तिच्याविषयी त्याने थोडे सावध असावे.

याच सिरियाक प्रदेशातील एडेसा नगरात पत्राचे रूपक अक्षरशः खरे मानले गेले. तेथील अबगार राजाने आजारपणात येशूला पत्र लिहिले आणि येशूने त्याला उत्तर पाठविले, ही आख्यायिका चौथ्या शतकाच्या आरंभी युसेबियसने आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात नोंदविली. त्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास एजेरिया नावाची यात्रेकरू स्त्री एडेसाला गेली, तेव्हा तिथल्या बिशपाने तिला ती पत्रे वाचून दाखविली व त्यांच्या प्रतीही दिल्या. परकीय सैन्याने वेढा घातला असता त्या पत्राने नगराचे रक्षण केले, असेही तिला सांगण्यात आले. पत्र येथे वाचण्यापेक्षा बाळगण्याची वस्तू झाले आहे.

ग्रीक व लॅटिन धर्मपित्यांकडे वळले की हवा बदलते. योहान क्रिसोस्तोमने उत्पत्तीच्या पुस्तकावरील आपल्या दुसऱ्या प्रवचनात मांडलेली उपपत्ती निबंधाच्या आरंभीच्या प्रश्नाला थेट भिडते. प्रारंभी देव माणसांशी स्वतः बोलत असे, नोहाशी, अब्राहामाशी तो समोरासमोर बोलला. पुढे माणसे दूर गेली, तेव्हा दूरदेशी असलेल्यांना पाठवावीत तशी त्याने पत्रे पाठविली, जुने सख्य पुन्हा जुळावे म्हणून, आणि ती पत्रे मोशेने आणली. मत्तयवरील प्रवचनांच्या आरंभी तर त्याने असे सुचविले आहे की खरे पाहता आपल्याला लिखिताची गरजच पडायला नको होती. म्हणजे ग्रंथ हा देवाच्या प्रेमाचा पुरावा आहे खरा, पण त्याचबरोबर माणसाच्या दुराव्याचाही आहे. क्रिसोस्तोमला हा दुरावा पुढे स्वतः अनुभवावा लागला. इसवी सन ४०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून हद्दपार झाल्यावर ४०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत आर्मेनियाच्या डोंगराळ भागातून त्याने ओलिंपियास या सेविकेला लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. त्याची प्रवचने हजारोंनी ऐकली होती. या शेवटच्या वर्षांत त्याच्याजवळ पत्राखेरीज दुसरे साधन राहिले नव्हते.

ऑगस्टिनच्या स्तोत्रविवेचनात हीच कल्पना प्रवाशाच्या दृष्टीने येते. ख्रिस्ती माणूस हा परदेशी राहणारा आहे, त्याचे खरे नगर दुसरीकडे आहे, आणि शास्त्र म्हणजे त्या नगराहून आलेली पत्रे. ज्यांनी आयुष्यात कधी परगावी राहून घरच्या पत्राची वाट पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. मराठी मुलखाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या संग्रही अशी पत्रे अजूनही निघतात.

रूपकाला निश्चित आकार दिला तो मात्र थोरल्या ग्रेगरीने. इसवी सन ५९५ मध्ये त्याने कॉन्स्टँटिनोपलला थिओडोरस या सम्राटाच्या वैद्याला पत्र लिहिले. हा वैद्य ग्रेगरीचा स्नेही होता. ग्रेगरीने पूर्वी पोपचा प्रतिनिधी म्हणून काही वर्षे त्या राजधानीत काढली होती. पत्रात तो वैद्याला गोडीने रागावतो : संसाराच्या धबडग्यात तू आपल्या तारणाऱ्याची वचने रोज वाचायचे विसरतोस. पवित्र शास्त्र हे सर्वसमर्थ देवाने आपल्या निर्मितीला लिहिलेले पत्रच नव्हे काय? परगावी असताना तुला सम्राटाचे पत्र आले असते, तर त्यात काय लिहिले आहे हे कळेपर्यंत तुला चैन पडले असते काय, झोप आली असती काय? येथे दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली ही की हे प्रेमपत्र नाही, निदान अजून नाही. त्याची उपमा राजाच्या खलित्याशी आहे, आणि राजवैद्याला तो खलिता म्हणजे काय हे दुसऱ्या कोणापेक्षाही चांगले ठाऊक होते. ग्रेगरी उपमा वाचकाच्या रोजच्या आयुष्यातून उचलतो, ही त्याची खरी हातोटी. दुसरी गोष्ट अशी की पुढे तो वैद्याला देवाच्या शब्दांतून देवाचे हृदय ओळखायला सांगतो. आज्ञेचा कागद हळूच मनाचा कागद होतो. मध्ययुगातील मठांत शास्त्रवाचनाची जी संथ, चर्वणाची पद्धत रूढ झाली, तिला या एका पत्राने पुरविलेले शब्द शतकानुशतके पुरले.

रूपक अक्षरशः खरे मानले तर काय होते, याची दुसरी कथा याच काळात समांतर चालली होती. आकाशातून पडलेले, ख्रिस्ताने स्वहस्ते लिहिलेले, रविवार पाळा नाही तर संकटे येतील असे बजावणारे पत्र सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनमध्ये फिरत होते. कार्ताहेनाचा बिशप लिसिनियानस याने, ते व्यासपीठावरून वाचून दाखविणाऱ्या आपल्या सहकारी बिशपाला खरमरीत शब्दांत समज दिली. ७४५ साली रोममधील धर्मसभेत आल्डेबर्ट नावाच्या प्रचारकाविरुद्ध जो पुरावा वाचण्यात आला त्यात असेच एक, यरुशलेमेत पडलेले, पत्र होते. ७८९ च्या आपल्या फर्मानात शार्लमेनने ही पत्रे जाळून टाकण्यास सांगितले. ती जळली नाहीत. जर्मन भाषिक प्रदेशांत ती घराच्या भिंतींवर टांगली गेली, आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या खिशांत ताईत म्हणून होती. पत्राच्या प्रती करून वाटणाऱ्याचे कल्याण, न वाटणाऱ्याचे अनिष्ट, हा त्यांचा साचा आपल्याला अपरिचित नाही. देवदेवतांच्या नावाने येणारी आणि पुढे इतक्या जणांना धाडा म्हणून बजावणारी पोस्टकार्डे आपल्याकडील एका संपूर्ण पिढीने पाहिली आहेत. धर्मपीठाचा या पत्रांवरचा रोष समजण्यासारखा होता : देवाचे पत्र एकच आणि ते केव्हाच पोचले आहे, मग नवे कसे येईल? पण अशिक्षित भाविकाच्या बाजूनेही विचार करावा लागतो. लॅटिन शास्त्र त्याला वाचता येत नव्हते. त्याच्या नावावर आलेले पत्र दुसऱ्याच्याच कपाटात बंद होते. आपल्यासाठी, आपल्या दारात पडलेले एक तरी पत्र त्याला हवे होते.

राजाचा खलिता संपूर्णपणे प्रेमपत्र होतो तो सोरेन किर्केगार्डच्या हातून. १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आत्मपरीक्षणासाठी’ या पुस्तकात त्याने एक प्रसंग रचला आहे. एका प्रियकराला प्रेयसीचे पत्र आले आहे, पण त्याला न येणाऱ्या भाषेत. तो शब्दकोश घेऊन एकेक शब्द उलगडत बसला आहे. इतक्यात मित्र येतो आणि प्रेयसीचे पत्र वाचतो आहेस वाटते, असे म्हणतो. प्रियकर चिडतो. शब्दकोशाशी झटापट करणे याला तो वाचणे म्हणायला तयार नाही. भाषांतर पुरे झाले की मग वाचन. आणि त्या पत्रात काही करण्याची विनंती असेल तर पत्र वाचल्यावर पुन्हा अर्थचिकित्सा करीत बसणारा प्रियकर कसला? तो उठून कामाला लागेल. किर्केगार्डचा रोख त्या काळच्या विद्वत्तेवर आहे. शास्त्राच्या पाठभेदांत, भाष्यांत आणि ऐतिहासिक चिकित्सेत गुंतलेला डॅनिश सुशिक्षित ख्रिस्ती हा शब्दकोशालाच पत्र समजतो आहे, आणि देवाच्या शब्दासमोर एकटे बसण्याचे टाळतो आहे, असा त्याचा आरोप होता. दृष्टान्त प्रभावी आहे यात शंका नाही. मात्र त्याची एक मर्यादा अभ्यासकांनी पुरेशी नोंदविलेली दिसत नाही : तो शब्दकोशाचे काम अगदीच हलके लेखतो. कोपनहेगनमधील वाचकाला आपल्या भाषेतील बायबल तीन शतकांपासून तयार मिळाले होते. ज्यांच्यासाठी पत्राची भाषाच अजून घडायची होती, त्यांची गोष्ट निराळी होती.

येथे मराठीचा विचार अपरिहार्य होतो. तो करताना आपल्या परंपरेतील पत्रांकडे प्रथम पाहिले पाहिजे. चांगदेवाने ज्ञानदेवांना पाठविलेले कोरे पत्र सर्वपरिचित आहे. मायना कोणता लिहावा, वयाने लहान म्हणून चिरंजीव की ज्ञानाने थोर म्हणून तीर्थरूप, हे न सुचल्याने कागद कोरा राहिला, अशी कथा आहे. त्याला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी लिहिलेली ‘चांगदेव पासष्टी’ पत्राच्या शक्यतेवरच घाव घालते : लिहिणारा आणि ज्याला लिहायचे तो मुळात एकच असेल तर कोणी कोणाला काय कळवायचे? अद्वैताच्या टोकाला पत्र संपते. एकनाथांच्या ‘रुक्मिणी स्वयंवरा’त पत्र आहे, परंतु ते रुक्मिणी कृष्णाला लिहिते, म्हणजे जीव शिवाला, आणि त्याचे उत्तर लेखी येत नाही, कृष्णाचा रथच येतो. वारीला जाणे झाले नाही म्हणून तुकोबांनी पंढरीला निघालेल्या वारकऱ्यांच्या हाती अभंगरूप पत्र दिले, असे परंपरा सांगते. तेही भक्ताचे देवाला. आपल्याकडे पत्राची दिशा बहुधा खालून वर आहे. लिहिणे ही विरही भक्ताची गरज, देवाला लिहावे लागत नाही, त्याला यावे लागते. ख्रिस्ती रूपकात लिहिणारा देव आहे, आणि उत्तर देण्याची पाळी माणसाची. विरह देवाच्या बाजूला गेला आहे. दोन परंपरांतील हा भेद केवळ अलंकाराचा नाही. पहिलीत अंतर मिटविण्यासाठी भक्त लिहितो, दुसरीत अंतर मिटविण्याचा पुढाकार आधीच घेतला गेला आहे, आणि तरीही ते अद्वैतात विरून जात नाही. पत्र लिहिणारा आणि वाचणारा शेवटपर्यंत दोघेच राहतात.

एकोणिसाव्या शतकातील ज्या मराठी व्यक्तींच्या आयुष्यात या दोन दिशांची गाठ पडली, त्यांना हे पत्र मराठी मुलखाबाहेर मिळाले, ही एक लक्षणीय योगायोगाची गोष्ट आहे. मराठी नवा करार प्रथम छापला गेला तोच बंगालमधील श्रीरामपूरला, विल्यम केरींच्या छापखान्यात, १८११ साली. नारायण वामन टिळकांना नवा कराराची प्रत दिली ती १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत, आणि ते वरकरणी सौजन्याचे बोलणे नव्हते. त्यांच्या ख्रिस्ती अभंगांत भक्त अजूनही देवाला हाक मारतो, दिशा तुकोबांचीच आहे, फक्त उत्तर आधी येऊन गेले आहे. या धर्मांतराने त्यांच्या घरात जे अंतर पडले ते मिटायला १९०० साल उजाडावे लागले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त त्या वर्षांची हकीकत आहे. देवाचे पत्र पोचते तेव्हा ते घरातल्या सगळ्यांना एकदम पोचत नाही, हे तिथे जितके उघडे पडले आहे तितके कुठल्याही धर्मशास्त्रीय ग्रंथात नसेल.

पंडिता रमाबाईंची कथा अधिक विस्ताराने पाहण्याजोगी आहे. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की लग्नानंतर सिलचरला असताना आपल्या पुस्तकांत त्यांना बंगाली भाषेतील लूकचे शुभवर्तमान सापडले. ते तेथे कसे आले हे त्यांना ठाऊक नव्हते. पाठविणाऱ्याचे नाव नसलेले, परक्या भाषेतले पत्र. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पुढील वर्षांत झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांनी संपादित करून प्रसिद्ध केला. तो वाचताना जाणवते ती गोष्ट अशी, की रमाबाईंना देवाचे प्रेम पटले होते, पण ते त्यांच्यापर्यंत आणणाऱ्या जासुदाचा अधिकार पटला नव्हता. क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत याला त्यांची हरकत होती. संस्कृतपेक्षा लॅटिन अधिक पवित्र कशी, असा त्यांचा प्रश्न होता. शास्त्राचा अर्थ स्वतः वाचून ठरविण्याचा हक्क त्या सोडायला तयार नव्हत्या, आणि ज्यांनी त्यांना आश्रय दिला त्यांना हा कृतघ्नपणा वाटला. वेद वाचण्याचा स्त्रीला अधिकार नाही हे ऐकत वाढलेल्या, आणि तरीही आईवडिलांकडून संस्कृत शिकलेल्या स्त्रीला दुसऱ्या धर्मातही कोणी आपले पत्र फोडून वाचून दाखवावे हे मानवणारे नव्हते.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालविली. त्यासाठी त्या भाषा शिकल्या. किर्केगार्डच्या प्रियकराला जे काम वाचनात जमा धरायचे नव्हते तेच त्यांनी वर्षानुवर्षे केले, आणि स्वतःच्या वाचनासाठी नव्हे. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, खेड्यांतून आलेल्या, दुष्काळातून वाचलेल्या बायकामुलींना ते कळत नाही, हे त्यांनी रोज पाहिले होते. लॅटिनपुढे संस्कृतची बाजू घेणाऱ्या पंडितेने आपल्या भाषांतरातून संस्कृत शब्द वेचून काढावेत, यात विसंगती पाहणाऱ्यांनी पाहावी. दोन्ही वेळी प्रश्न एकच होता, पत्र कोणाच्या भाषेत लिहिलेले असावे हा. हिंदू धर्मसंकल्पना सुचविणारे शब्द टाळण्याच्या त्यांच्या आग्रहामुळे भाषांतर काही ठिकाणी कोरडे झाले आहे, हे मान्य केले पाहिजे. टिळकांची ओवी-अभंगांची वाट त्यांनी जाणीवपूर्वक घेतली नाही, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासात टिळकांना जी जागा मिळाली ती या भाषांतराला मिळाली नाही. आपल्या वाङ्मयेतिहासाचे निकष पद्यसौंदर्याचे राहिले, हे त्याचे एक कारण असावे असे मला वाटते.

ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना ‘बायबल वुमन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रचारिका घरोघरी जाऊन शास्त्र वाचून दाखवीत. पोस्टमनने निरक्षर सासुरवाशिणीला माहेरचे पत्र वाचून दाखवावे, तसाच हा प्रकार होता. मुक्ती मिशनमध्ये मात्र त्यापुढचे पाऊल पडले. मिशनच्या छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या, पाने छापणाऱ्या आणि बांधणाऱ्या तिथल्याच मुली व स्त्रिया होत्या, त्यांतील कित्येक अक्षर शिकल्या त्या तिथेच. ज्यांच्या नावे पत्र, त्यांच्याच हातून ते अक्षर अक्षर करून जुळले. रमाबाई अखेरच्या दिवसांपर्यंत त्याची मुद्रिते तपासत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत पुढेही बायबल सोसायटीचेच भाषांतर वाचले जात राहिले.